सुईचं टोक दिसेपर्यंत थांबायचं

मानेतून निघालेली कळ खांद्याच्या फऱ्यावरून दंडात उतरते, कोपराखाली जाऊन बोटांत मुंग्या आणते आणि रात्री कूस बदलली की माणूस उठून बसतो. दुखरा हात डोक्यावर ठेवला की जरा बरं वाटतं. सोनोग्राफीत बघत मानेत इंजेक्शन घ्यायला येणारे बरेच जण साधारण हेच सांगतात, आणि त्यातली हात डोक्यावर ठेवण्याची गोष्ट आम्ही आधी टिपून घेतो. हात वर गेला की मानेतून निघणाऱ्या नसेच्या मुळावरचा ताण सैलावतो. दुखणं खांद्याच्या सांध्याचं असेल तर हात वर नेतानाच उलट जास्त कळ येते. मान की खांदा, याचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

उरलेला अर्धा तपासणीत. मानेचे मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ, त्यामुळे मोजणीत घोळ व्हायला वाव असतो. मानेत नस आपल्याच क्रमांकाच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी सरकली तर दबते ती सहावी नस, म्हणजे सी-६, आणि सहाव्या-सातव्यामधली सरकली तर सी-७. यातली सी-७ सगळ्यात जास्त वेळा दबलेली सापडते, तिच्या खालोखाल सी-६. सी-६ दबली की अंगठा आणि तर्जनी बधिर होतात, मनगट वर उचलायची ताकद कमी होते. सी-७ मध्ये मधलं बोट बधिर होतं आणि कोपर सरळ करायला जोर लागत नाही. भिंतीला हात टेकून ढकलायला सांगितलं की एक कोपर लगेच दुमडतं. सी-८ करंगळीकडे जाते आणि मूठ सैल पडते. सी-५ मध्ये बोटं शाबूत असतात, पण हात बाजूने वर उचलताना खांदा साथ देत नाही.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी तोच. ‘काका, मुंग्या अंगठ्याकडे येतात की करंगळीकडे?’ ‘सगळ्याच बोटांत येतात हो.’ मग घरी जाऊन दोन रात्री नीट लक्ष द्यायला सांगायचं. ‘सगळ्याच बोटांत’ म्हणणारे बरेच जण दोन दिवसांनी नेमकं बोट सांगतात. कधी कधी उलगडतं ते भलतंच: मुंग्या रात्री येतात, हात झटकला की जातात आणि करंगळी कधीच बधिर होत नाही. हे मनगटात नस दबल्याचं लक्षण असतं. अशा वेळी मानेत सुई घालण्यात काहीच अर्थ नसतो, आधी एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, करून घ्यावी. काही जणांत मान आणि मनगट दोन्हीकडे नस दबलेली असते, तेव्हा कोणती जागा जास्त त्रास देते आहे हे ठरवायला वेळ द्यावा लागतो.

एमआरआय हवाच, पण तो तपासणीनंतर बघायचा. चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते. अहवालात तीन पातळ्यांवर ‘डिस्क बल्ज’ लिहिलेलं असतं आणि दुखण्याचं कारण त्यातली एकच असते. बोट, ताकद, कोपराशी आणि मनगटाशी हातोडी मारून बघितलेले प्रतिसाद आणि एमआरआयमधली बाजू हे सगळं एकाच नसेकडे बोट दाखवत असेल तरच सुईची वेळ ठरवायची. जुळत नसेल तर थांबायचं.

काही जणांना मात्र त्याच दिवशी सर्जनकडे पाठवावं लागतं. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना पाय अडखळतात, लघवीवर ताबा राहत नाही, मान वाकवली की पाठीतून पायांपर्यंत करंट गेल्यासारखं होतं, ही नसेच्या मुळाची नसून मज्जारज्जू दबल्याची खूण आहे. तिथे इंजेक्शन देणं म्हणजे मौल्यवान दिवस वाया घालवणं. आठवड्या-दोन आठवड्यांत हाताची ताकद झपाट्याने उतरत असेल तरीही तेच.

बाकीच्यांना हे स्पष्ट सांगायला हवं की अशा दुखण्यातले बहुतेक जण काही आठवड्यांपासून ते तीन-चार महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय सावरतात. इंजेक्शनने गादी जागेवर जात नाही. मुळाभोवतीची सूज आणि जळजळ कमी होते, झोप मिळते, व्यायाम करता येतो, आणि शरीर आपलं काम करेपर्यंतचा काळ सुसह्य होतो. गोळ्या, फिजिओथेरपी आणि चार-सहा आठवड्यांचा धीर यांनी भागलं नाही, किंवा वेदनेमुळे रात्रच्या रात्र जागून काढावी लागत असेल, तर आम्ही इंजेक्शनचं बोलतो.

तारीख ठरली की आधी औषधांची चिठ्ठी बघायची. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर कुणीही बंद करू नयेत. वॉरफरिन साधारण ५ दिवस, क्लोपिडोग्रेल ७ दिवस आधी थांबवतात, पण ज्याच्या हृदयात नुकताच स्टेंट बसला आहे त्याची गोळी थांबवणं मानदुखीपेक्षा कितीतरी पटींनी धोक्याचं. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानेच होतो, आणि नकार आला तर इंजेक्शन पुढे ढकललं जातं. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी लागते, कारण इंजेक्शनमधल्या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने ती पुढचे काही दिवस, कधी आठवडाभर, चढलेली राहते. ताप, कुठे गळू, मानेच्या त्वचेवर पुरळ असेल तर तारीख बदलायची. भुलेच्या औषधाची पूर्वी कधी ॲलर्जी आली होती का, हे दाताच्या डॉक्टरकडच्या अनुभवावरून विचारलं की लोकांना पटकन आठवतं.

उपाशी यायची गरज नाही. गुंगी देत नाही, म्हणून दोन-तीन तास आधी हलकं खाऊन यावं. घाबरून सकाळपासून काही न खाल्लेली माणसंच टेबलावर चक्कर येऊन पांढरी पडतात. गुंगी न देण्याचं कारण महत्त्वाचं आहे: सुई नसेला टेकली तर ते सांगणारा माणूस जागा हवा. ‘अंगठ्यात वीज गेली’ हे वाक्य कुठल्याही मशीनपेक्षा आधी कळवतं. सोबत कुणीतरी हवंच, कारण त्या दिवशी दुचाकी चालवता येणार नाही.

खोलीत शिरताना दारावरची ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी बघून मानदुखीचे पेशंट चकित होतात. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं, मग ते मानेसाठी वापरा की गुडघ्यासाठी. १९९४चा हा कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. म्हणून नोंदणी नसलेल्या जागी मशीन उचलून नेता येत नाही, आणि ‘घरी येऊन देता का’ या प्रश्नाचं उत्तर नाही असंच असतं.

दुखरी बाजू वर करून कुशीवर झोपवायचं. डोक्याखालची उशी अशी हवी की मान ना खाली लटकेल ना वर उचलली जाईल, वरचा हात मांडीवर सैल सोडलेला. उशी चुकली तर मानेचे स्नायू ताठतात, आणि ताठलेल्या स्नायूतून सुई सरळ जात नाही. पडदा पेशंटच्या पलीकडे, डॉक्टरच्या समोर ठेवायचा. सुई, मान आणि पडदा एका रेषेत असले की डोळे सुईवरून पडद्यावर अलगद जातात. पडदा बाजूला ठेवून मान वळवत काम केलं की हातही नकळत वळतो आणि सुई प्रोबच्या, म्हणजे मानेवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याच्या, पट्टीबाहेर जाते. मनगटात आयव्ही, म्हणजे शिरेतून औषध द्यायची नळी, लावलेली, ऑक्सिजन तयार, आणि कपाटात २० टक्के लिपिड इमल्शनची, म्हणजे शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावणाची, बाटली. भुलेचं औषध रक्तात गेल्याने झटके आले किंवा हृदयाची लय बिघडली तर ते किलोमागे १.५ मिली या हिशेबाने झटपट द्यावं लागतं. औषध इतकं थोडं वापरतो की बाटली उघडायची वेळ येऊ नये, तरी ती तारीख तपासून हाताशी ठेवल्याशिवाय सुरुवात करू नये.

प्रोब सरळ कडेचा, जास्त फ्रीक्वेन्सीचा, साधारण ६ ते १५ मेगाहर्ट्झ. खोली ३ ते ४ सेंटिमीटरवर लावायची. आता खरं काम सुरू होतं. सुई अजून ट्रेमध्येच आहे आणि पातळी शोधायला दहा मिनिटं लागली तरी चालतील.

सुरुवात गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीतून करतो. तिथे मोठी धमनी धडधडताना दिसते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला द्राक्षांच्या घडासारख्या काळ्या गोलांचा पुंजका. हा हातात जाणाऱ्या सगळ्या नसांचा जुडगा. प्रोब हळूहळू वर सरकवला की घड सुटतो आणि दोन स्नायूंच्या फटीत एकाखाली एक काळे ठिपके उभे राहतात. त्यातला एक ठिपका नजरेत धरून वर जात राहायचं, तो हाडात शिरेपर्यंत. मणक्याच्या बाजूला निघालेल्या आडव्या फाट्याला दोन उंचवटे असतात, पुढचा आणि मागचा, आणि त्यांच्या मधल्या घळीत नसेचं मूळ बसतं. सी-७ला पुढचा उंचवटा जवळजवळ नसतो, म्हणून पडद्यावर एकच कुबड दिसतं. प्रोब बोटभर वर सरकवा, दोन उंचवटे दिसतात, पुढचा उंच आणि टोकदार. हा सी-६. आणखी वर दोन्ही सारखे, मध्ये वाटीसारखी घळ, तो सी-५.

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. काही माणसांत सातव्या मणक्यालाही पुढचा उंचवटा असतो, काहींना मानेची जादा बरगडी असते, आणि त्यांच्यात ‘एकच कुबड म्हणजे सी-७’ हा नियम फसतो. म्हणून एकाच खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. खालून वर मोजायचं, मग वरून खाली मोजायचं, आणि वाहतं रक्त रंगात दाखवणारा कलर डॉप्लर लावून मेंदूकडे जाणारी मणक्याची धमनी कुठे हाडात शिरते ते बघायचं. बहुतेकांत ती सी-६च्या छिद्रात शिरते, म्हणजे सी-७च्या पातळीवर ती नसेच्या पुढ्यात उघडी असते, मध्ये हाडाचं संरक्षण नाही. काहींत ती आणखी वर शिरते. दोन्ही मोजण्या आणि एमआरआय जुळले नाहीत तर त्या दिवशी सुई घालायची नाही, सी-आर्मखाली, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनखाली, करून घ्यायचं.

डॉप्लरने नसेच्या आजूबाजूच्या लहान धमन्याही शोधायच्या. मानेतल्या दोन धमन्यांच्या बारीक फांद्या मुळाच्या बाजूने आत जाऊन मज्जारज्जूला रक्त पुरवू शकतात. मशीनचं वेगाचं स्केल खाली आणलं नाही तर सावकाश वाहणारं रक्त रंगात येतच नाही. आणि प्रोब दाबून धरला तर शिरा चपट्या होऊन गायब होतात. पडद्यावर शीर नाही म्हणून निश्चिंत होऊन सुई घातली, आणि हात सैल केल्यावर तिथेच शीर फुगून वर आली, ही चूक नवशिक्यांकडून हमखास होते. म्हणून शेवटचा डॉप्लर नेहमी प्रोब जेमतेम टेकवून, जेलच्या थरावर तरंगता ठेवून करायचा.

मग त्वचा पुसायची. क्लोरहेक्सिडिन वापरलं तर ते दोन-तीन मिनिटं पूर्ण वाळू द्यायचं, कारण ओलं राहून सुईबरोबर आत गेलं तर नसेला घातक असतं. प्रोबला निर्जंतुक पिशवी चढवताना आत जेल घालून हवा बोटाने बाजूला सारायची. पिशवीत सुरकुती राहिली तर पडद्यावर काळी पट्टी उतरते आणि नेमकी नस तिच्याखाली येते. वर निर्जंतुक जेल, नेहमीच्या बाटलीतलं चालत नाही.

सुई २५ किंवा २३ गेजची, ५० मिमी लांब पुरते. बहुतेकांत सी-६चं मूळ दीड-दोन सेंटिमीटरवर असतं, जाड मानेत आणखी खोल. लांब सुई बारीक असली की वाकते, आणि वाकलेल्या सुईचं टोक प्रोबच्या पट्टीतून निसटतं. सुईला थेट सिरिंज न जोडता मध्ये एक बारीक नळी जोडायची, म्हणजे सुई धरणारा हात स्थिर राहतो आणि सिरिंज मदतनीस सांभाळतो. नळीत राहणारं औषध मोजणीत धरावं लागतं. नळी आधी सलाईनने भरून घ्यायची आणि बुडबुडा काढायचा. हे क्षुल्लक वाटतं, पण हवेचा एक थेंब मानेत गेला की पडद्यावर पांढरा डाग आणि त्याखाली सावली पडते. बुडबुडा विरेपर्यंत ते चित्र परत येत नाही.

सुई मागून पुढे जाते, प्रोबच्या पट्टीला समांतर, शक्य तितकी आडवी. आडवी सुई पांढऱ्या रेषेसारखी लखलखीत दिसते आणि तिरकी झाली की अंधुक होत जाते. वाटेतल्या स्नायूतून खांद्याच्या फऱ्याकडे जाणाऱ्या दोन लहान नसा असतात, स्नायूच्या मधोमध काळ्या टिंबांसारख्या. त्या बघून वाट आखायची. पेशंट म्हणाला की ‘फऱ्याच्या कडेला टोचलं’, तर सुई त्यांच्यापैकी एकीजवळ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुईचा दांडा दिसणं आणि टोक दिसणं या दोन गोष्टी आहेत. प्रोबची पट्टी एक-दोन मिलिमीटर इतकाच जाड भाग बघते. सुई थोडी तिरकी गेली तर पट्टीत तिचा मधला भाग दिसतो आणि आपण त्यालाच टोक समजतो, खरं टोक मात्र पुढे, न दिसणाऱ्या जागी गेलेलं असतं. सी-७ला त्या न दिसणाऱ्या जागी मेंदूची धमनी असते. टोक हरवलं की सुई जिथे आहे तिथे थांबवायची आणि प्रोब हलवायचा. केसाच्या रुंदीइतकं इकडेतिकडे सरकवला की टोक उजळतं. तरी नाही सापडलं तर ०.२ मिली सलाईन सोडायचं; टोकाशी काळा फुगवटा उठतो. तोही दिसला नाही तर सुई मागे घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. घाईत पुढे ढकललेला एक सेंटिमीटर भरून येत नाही, वाया गेलेली पाच मिनिटं सहज भरून येतात.

टोक नसेच्या मागच्या कडेशी, मागच्या उंचवट्याच्या आडोशाला न्यायचं आणि नसेत घुसवायचं नाही, घळीत खोलही ढकलायचं नाही. हाडाच्या मागे सोनोग्राफी बघू शकत नाही, म्हणून छिद्राच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच काम करायचं. आपण औषधाने मूळ भिजवतो, तेही ते हाडातून बाहेर पडल्यावर. मणक्याच्या आत औषध पोहोचवायचं असेल तर सी-आर्मखाली डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, टाकून करणं योग्य.

मदतनीस सिरिंज हलकेच मागे ओढतो. रक्त आलं नाही याचा अर्थ सुई रक्तवाहिनीत नाही असा होत नाही, बारीक सुईतून बारीक धमनीचं रक्त येतच नाही. म्हणून पुढची पायरी: अर्धा मिली सलाईन, आणि डोळे पडद्यावर. नसेभोवती काळी कड उमटली पाहिजे. सलाईन जातंय, सिरिंज रिकामी होतेय आणि पडद्यावर काहीच दिसत नाही, तर ते कुठल्यातरी रक्तवाहिनीत वाहून जातंय. लगेच थांबायचं. दट्ट्या जड लागला तरी थांबायचं, कारण टोक नसेच्या आवरणात असू शकतं. नस स्वतःच फुगायला लागली तर सुई मागे. पेशंटला बोटात वीज गेली तरीही मागे.

सलाईन ठीक पसरलं की औषध. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ४ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिली, आणि सोबत भुलेचं १ टक्का लिग्नोकेन अर्धा ते एक मिली. दीड ते दोन मिली, तेही मिनिटभर लावून, मध्ये मध्ये थांबत. डेक्साच का, हे समजून घेण्यासारखं आहे. डेक्साची कुपी उजेडासमोर धरा, पाण्यासारखी स्वच्छ दिसते. ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन डेपो यांची कुपी हलवली की दुधाळ होते, कारण त्यात कण असतात. ते कण मज्जारज्जूकडे जाणाऱ्या बारीक धमनीत गेले तर ती बुजते आणि मज्जारज्जूचा किंवा मेंदूच्या खालच्या भागाचा तुकडा रक्ताविना मरतो. अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१४ मध्ये मणक्यात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडांबद्दल इशारा दिला, तो दृष्टी जाणं, पक्षाघात, लुळेपणा आणि मृत्यू अशा क्वचित पण भयंकर घटनांमुळेच. मानेच्या मुळापाशी दुधाळ औषध आम्ही कधीच वापरत नाही, कितीही दिवस टिकतं असं कुणी सांगितलं तरी. पेशंटने ‘कुठलं औषध देणार’ असं विचारलं तर तो त्याचा हक्क आहे.

लिग्नोकेनऐवजी रोपिव्हॅकेन घेऊन त्यात डेक्सा मिसळू नये. बारीक स्फटिक तयार होतात आणि कण टाळण्याचा सगळा हेतूच फसतो. स्टेरॉइड नकोच असेल, साखर आटोक्यात येत नसेल, तर ५ टक्के डेक्स्ट्रोजने नस आजूबाजूच्या ऊतींपासून सोडवण्याचा प्रयत्न करतात. मनगटात त्याचा अनुभव चांगला आहे. मानेत आम्ही ते फार निवडून वापरतो, कारण तिथे जास्त मिली टाकणं म्हणजे औषध नको तिथे पसरवणं.

नको तिथे पसरलं की काय होतं ते आधीच सांगून ठेवावं, नाहीतर घरचे घाबरतात. छाती आणि पोट यांमधल्या, श्वास चालवणाऱ्या पडद्याची नस जवळूनच जाते. तिला भूल चढली तर दम पुरत नाहीसा वाटतो. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याला हे झेपत नाही, म्हणून त्यांच्याबाबत आधीच विचार करायचा, आणि दोन्ही बाजू एका दिवशी कधीच करायच्या नाहीत. आवाज घोगरा होतो. त्या बाजूची पापणी थोडी उतरते, डोळ्याची बाहुली लहान दिसते, डोळा लालसर होतो. हे सगळं काही तासांत उतरतं.

सुई निघाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो. हात जड वाटतो, पकड ढिली असते, म्हणून गरम चहाचा कप त्या हाताने उचलू नये. पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी वेदनेला शून्य ते दहा गुण लिहायला सांगतो. या कागदाला एमआरआयइतकंच मोल आहे. वेदना आठवरून दोनवर आली आणि संध्याकाळी परतली, तर पातळी बरोबर होती. आता स्टेरॉइडची वाट बघायची, त्याला २ ते ५ दिवस लागतात. हात बधिर झाला, औषध नसेवर बसलं, आणि वेदना मात्र आठची आठच, तर दुखणं त्या मुळातून येत नाही. अशांना तेच इंजेक्शन पुन्हा देण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावं. बऱ्याच वेळा दुखणं खांद्यातूनच येत असतं.

आणि खांद्याचं इंजेक्शन ही वेगळीच गोष्ट आहे, त्या मानाने सोपी. सुप्रास्कॅप्युलर नस सी-५ आणि सी-६मधून निघून फऱ्याच्या वरच्या कडेतल्या खाचेतून, एका घट्ट बंधाखालून जाते. सोबतची धमनी बंधावरून. खांद्याच्या सांध्याची बहुतांश जाणीव हीच नस वाहून नेते. पेशंटला बसवून हात विरुद्ध खांद्यावर ठेवायला सांगायचा, प्रोब फऱ्याच्या आडव्या कण्याच्या वर, त्याला समांतर. दोन स्नायूंचे थर, त्याखाली हाडाचा पांढरा तळ, आणि तळावर धडधडणारी धमनी. नस तिच्या शेजारी. इथे ९० मिमीची २२ गेज सुई लागते, ३ ते ५ सेंटिमीटर खोल. सुईच्या पुढे नेहमी हाडाचा तळ हवा. प्रोब पुढे घसरून खाचेच्या पलीकडे गेला तर खाली फुप्फुस असतं. ५ मिली पुरतात. १० मिलीच्या वर गेलं तर औषध हाताच्या नसांच्या जुडग्यापर्यंत पसरतं. मज्जारज्जूला जाणारी धमनी इथे नाही, म्हणून दुधाळ स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम चालतं, मधुमेह्याला निम्मं. खांदा जखडलेल्यांना फिजिओथेरपिस्टची वेळ त्याच दुपारची घ्यायला सांगतो. भूल असेपर्यंतच्या दोन-चार तासांत खांदा जितका हलतो तितका एरवी आठवड्यात हलत नाही.

फऱ्याच्या मागचा स्नायू वाळून तिथे खळगा पडला असेल, हात बाहेर फिरवताना जोर लागत नसेल आणि दुखत मात्र फारसं नसेल, तर नस पुढच्या दुसऱ्या खाचेत सांध्यातून आलेल्या पाण्याच्या गाठीने दबलेली असू शकते. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांत हे दिसतं. तिथे नसेभोवती औषध घालून काही साधत नाही. गाठ १८ गेजच्या जाड सुईने ओढून काढावी लागते. आतला द्रव जेलीसारखा घट्ट असतो, बारीक सुईतून येत नाही. सांध्याची कड फाटलेली राहिली तर गाठ परत भरते.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवस दुखणं थोडं वाढू शकतं, चेहरा लाल होतो, पहिल्या रात्री झोप लागत नाही. हे स्टेरॉइडचं आहे. साखर रोज तपासायची. ताप, मान ताठणं, पाय जड होणं, लघवी अडणं, हाताची ताकद दुसऱ्या दिवशीही न परतणं, खांद्याच्या इंजेक्शननंतर छातीत दुखून दम लागणं, यातलं काहीही झालं तर फोनवर सल्ला न घेता थेट इस्पितळात यायचं, रात्र असली तरी.

दोन आठवड्यांनी परत बोलावतो. वेदनेचा कागद, साखरेचे आकडे आणि मूठ आवळायचं यंत्र. वेदना आधी जाते, ताकद नंतर येते, बोटाचा बधिरपणा सगळ्यात शेवटी, कधी महिन्यांनी. निम्म्याहून जास्त आराम असेल तर दुसरं इंजेक्शन नको, व्यायाम वाढवायचा. थोडाच असेल तर दोन आठवड्यांच्या अंतराने एक आणखी देता येतं, वर्षात तीन-चारच्या पुढे जायचं नाही. आणि वेदना कमी होऊनही मुठीचा आकडा मागच्या वेळेपेक्षा खाली आला असेल, तर त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनसाठी चिठ्ठी लिहून देतो, सोबत वेदनेच्या कागदाची प्रत जोडून.